धुऱ्यावरच लिही

बाबू,

तुझा मेसेज वाचला. आकडे जुळत नाहीत, मॅडम चॅप्टर मागून राहिल्या अन् तू एक्सेल उघडून नुसता पाहत बसलास. पीएचडी सोडू का, हे घरच्यांना विचार. मी फक्त वावरातल्या नोंदींच्या वहीबद्दल विचारणार.

तू पाठवलेला फोटो झूम करून पाहिला. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, 5 पतंग, मग 9, मग दोन रकाने कोरे, मग 11. कोरे काहून? पतंग सापडले नाहीत, की तू वावरात गेलाच नाहीस? तुलाच आठवत नाही तर एक्सेलला काय आठवणार! ते कोरा रकाना सरासरीत धरतच नाही, शून्य मात्र धरतं, म्हणजे तुझी सरासरी आली 8.3 अन् तिथं खरंच शून्य असतील तर ती 5. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीत तर सलग तीन रात्री सापळ्यात 8-8 पतंग आले की फवारणीचा विचार करायचा असतो, अन् तुझ्या कोऱ्या रकान्यात सलग आहे की तुटलं हेच कळत नाही. उद्या कोणी शेतकरी तुझ्या भरवशावर औषध आणायला जाईल बाप्पा, उधारीवर.

म्हणून धुऱ्यावरच, वावराच्या बांधावरच लिही. हॉस्टेलवर जाऊन नाही, रविवारी तर नाहीच नाही. पेन्सिलनं लिही, पावसात शाई पसरते, अन् चुकलं तर आडवी रेघ मार, खोडू नको. तारीख, सापळा नंबर, पाऊस, काल कोणतं औषध मारलं. पराठीत (कपाशीत) डोमकळ्या, म्हणजे अळीमुळं न उमललेली मिटकी फुलं, दिसून राहिल्या असं शेतकरी म्हणाला तर तेही लिही, त्याच्याच शब्दांत. संध्याकाळी पानाचा फोटो ड्राइव्हवर टाक, पण आधी धुऱ्यावर.

मला डिपार्टमेंटमध्ये वहीवाला म्हणत. सोबतचे भराभर पेपर काढून पुढं गेले. पण 2017 ला बोंडअळीनं विदर्भातली पराठी खाल्ली तेव्हा जो तो म्हणे अचानक आली. अचानक कशी? बीजी-1 ला, म्हणजे बोंडअळीसाठी काढलेल्या पहिल्या बीटी कपाशीला, ही अळी दाद देत नाही हे गुजरातेतून 2010 लाच जाहीर झालं होतं, अन् माझ्या वह्यांत आदल्या हंगामातल्या डोमकळ्या तारखेनिशी होत्या. छापलं काहून नाही म्हणशील, तर मला अजून एक हंगाम पाहायचा होता. ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं, बरंचसं.

असो. त्या दोन रकान्यांत आता अंदाजानं शून्य टाकू नको, समजलं का! ‘नोंद नाही’ असं लिही अन् मॅडमना तसंच सांग, ओरडतील, ओरडू दे, तुझ्या भल्याचंच ओरडतील. बाकी जेवत जा वेळेवर. अन् सापळ्यातले ल्युअर, म्हणजे वासाच्या गोळ्या, कधी बदलले ते फोटोत कुठंच दिसलं नाही, ती तारीखही लिहिली नसशीलच.