धंद्याच्या पहिल्या वर्षी तीनच पुस्तकं पुरेत

वीस पुस्तकांची यादी मागू नका हो. मी मागवली होती. अर्धी अजून वेष्टनातच आहेत. तीनच घ्या:

१. मायकल गर्बर, 'द ई-मिथ रिव्हिजिटेड' (१९९५). पदार्थ उत्तम जमतो म्हणून दुकानही चालवता येईल, असं धरून चाललेली सारा यात भेटते. आपणही बहुतेक जण याच खड्ड्यात पडतो.

२. एलियाहू गोल्डरॅट, 'द गोल' (१९८४). ही चक्क कारखान्यावरची कादंबरी. पायी सहलीत सगळ्यात हळू चालणारा हर्बी अख्ख्या रांगेचा वेग ठरवतो. ते वाचून मी माझ्या वर्कशॉपमधला हर्बी शोधला, तर रंगकाम निघालं. आणि मी निघालो होतो दुसरं वेल्डिंग मशीन घ्यायला!

३. पीटर ड्रकर, 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह' (१९६७). वेळेची नोंद ठेवण्याचं प्रकरण आधी, बाकी सावकाश.

पैशावरचं पुस्तक मुद्दाम सांगत नाही. आधी स्वतःची खतावणी वाचा. दर शनिवारी तीन आकडे लिहा: येणं, देणं, बँकेतली शिल्लक. कागदावर नफा दिसतो आणि पगाराला पैसे नसतात, कारण तो नफा गिऱ्हाइकांच्या उधारीत अडकलेला असतो. हे एकदा डोळ्यांनी दिसू द्या. ताळेबंदाचे बारकावे, गुंतवणूकदार वगैरे पुढच्या वर्षी.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे रविवारी वाचलेलं सगळं सोमवारी कामगारांवर लादणं. एका पुस्तकातून एकच बदल उचला, तीन महिने चालवून बघा.

इंग्रजी जड जात असेल तर 'द गोल'पासून सुरुवात करा. गोष्ट असल्याने पुढे ओढत नेते.