नैसर्गिक घरगुती उपायांनी कुटुंबाचा खर्च खरंच कमी होतो का?

तुम्ही लिहिलंय की घरात दोन लहान मुलं आहेत, पगार एकच आहे, आणि सर्दी, खोकला, पोट बिघडणं यांपैकी काही ना काही सतत चालूच असतं. औषधांवरचा खर्च कमी करण्यासाठी नैसर्गिक उपायांकडे वळावं का, कोणत्या उपायांवर भरवसा ठेवावा आणि वनस्पतींच्या सुगंधी अर्कतेलांचा संच विकत घ्यावा का, हे तुम्ही विचारलंय. मीही दोन मुलं काटकसरीत वाढवली आहेत, त्यामुळे अनुभवाने आणि वाचून जे पटलंय ते सविस्तर सांगते.

आधी मुद्द्याचं: हो, पैसे वाचतात आणि चांगलेच वाचतात. पण ते ‘नैसर्गिक’ असं छापलेल्या बाटल्या घेऊन वाचत नाहीत. ज्या घरगुती उपायांचा उपयोग सिद्ध झालाय ते जवळजवळ फुकटच आहेत: पाणी, मीठ, साखर, मध, साबण, विश्रांती आणि वाट पाहण्याची तयारी. प्रतिकारशक्तीची सिरपं, महागडी तेलं, ‘विषारी द्रव्यं बाहेर टाकणारी’ चूर्णं यांच्यावर आज जो खर्च होतो, तो केमिस्टच्या बिलाइतकाच अनावश्यक आहे. म्हणून कोणत्याही उपायाबद्दल एकच विचारायचं: हा शरीरात नेमकं काय करतो? उत्तर सांगता आलं तर ठेवा, नाही आलं तर पैसे राखून ठेवा.

जुलाबापासून सुरुवात करते, कारण घरगुती उपायाने खरोखर जीव वाचतो असा हा आजार आहे. जुलाबात मूल दगावतं ते बहुतेक वेळा जंतूंमुळे नाही, अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आतड्याच्या अस्तरात एक अशी वाट असते जी साखर आणि मीठ जोडीनेच आत ओढते, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा शाबूत असते. म्हणून नुसतं पाणी पाजून जे साधत नाही ते साखर-मिठाच्या पाण्याने साधतं. 1971 साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिला. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आलं. घरातल्या माणसाने वाटीचमच्याने केलेला हा उपचार होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रमाण मात्र काटेकोर हवं. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. ‘थोडं जास्त घातलं तर जास्त गुण’ हे इथे उलटं पडतं: मीठ वाढलं तर लहान बाळाला धोका होतो, साखर वाढली तर आतड्यात पाणी ओढलं जाऊन जुलाब वाढतात. चव घेऊन पाहा, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. गोड शीतपेयं आणि डब्यातले रस याच कारणाने जुलाबात देऊ नयेत. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच घ्या, तिच्यात पोटॅशियमही असतं आणि मोजमापाची चूक होत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिली, त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजा. उरलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्या. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका, उपाशी ठेवल्याने आतडं सावरायला उशीरच होतो. जागतिक आरोग्य संघटना जुलाब झालेल्या मुलांना 10 ते 14 दिवस झिंक द्यायला सांगते. तेही स्वस्त असतं, डॉक्टरांना विचारून घ्या. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसलं किंवा पाजलेलं काहीच पोटात ठरेना, तर घरी थांबू नका.

आता सर्दी-खोकला. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं सर्वसामान्य आहे. एकेक सर्दी सात ते दहा दिवस चालते आणि खोकला कधीकधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो. दोन मुलांचा हिशोब मांडलात तर लक्षात येईल की घरात सतत कुणीतरी खोकतंय यात तुमचं काही चुकत नाही, मुलं दुबळी आहेत असंही नाही. हा हिशोब डोक्यात पक्का बसला की निम्मा खर्च तिथेच थांबतो. सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणूनही लगेच ते लागत नाही. खोकल्याच्या सिरपांचा लहान मुलांना फारसा फायदा दिसलेला नाही, गुंगी येण्यासारखे दुष्परिणाम मात्र होतात.

मध मात्र मी मनापासून सुचवीन. एक वर्षावरच्या मुलाला झोपण्याआधी अर्धा-एक चमचा मध दिल्यास रात्रीचा खोकला कमी होतो, असं मुलांवरच्या चाचण्यांतही दिसलंय. घशाच्या अस्तरावर त्याचा लेप बसतो आणि खाज शमते. त्यानंतर दात मात्र घासायला लावा. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बोटाने चाटवायलासुद्धा नाही. मधात कधीकधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यातले जंतू त्यांना वाढू देत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. घरी मध उकळल्याने हे बीजाणू मरत नाहीत. घरातल्या मोठ्यांना हे आधीच, प्रेमाने पण ठामपणे सांगून ठेवा.

नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब. उकळून थंड केलेल्या कपभर पाण्यात (240 मिली) पाव लहान चमचा मीठ, आणि रोज नवीन करायचं. पाणी उकळलेलंच हवं, कारण नळाच्या पाण्यात क्वचित असा अमीबा असतो जो नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊन जीवघेणा ठरतो. घसा खवखवत असेल तर गुळण्या करता येणाऱ्या मुलाला ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करायला सांगा.

वाफेबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही, तरी सांगते: लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ देऊ नका. सर्दी लवकर बरी होते असा पुरावा नाही, आणि भांडं कलंडून पोटा-मांड्यांवर भाजलेली मुलं रुग्णालयांत येत राहतात. न्हाणीघरात गरम पाणी सोडून मुलाला जवळ घेऊन बसलात तर दमटपणा तेवढाच मिळतो.

भाजण्याचं निघालंच आहे तर: भाजलेला भाग लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. पूर्ण 20 मिनिटं. बर्फ, लोणी, टूथपेस्ट, तेल यांतलं काहीही नको. अंगठी-कडं सूज येण्याआधी काढा. चेहरा, हात किंवा सांध्यावर भाजलं असेल, मुलाच्या तळहातापेक्षा मोठी जागा असेल किंवा फोड आले असतील तर गार करून झाल्यावर डॉक्टर गाठा. खरचटलं तर साबण आणि वाहतं पाणी पुरतं. झोंबणारी जंतुनाशकं लागत नाहीत. जखमेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि पट्टी ठेवली की ती ओलसर राहते आणि चांगली भरते. हीच जेली कोरड्या त्वचेलाही लावता येते, महागडी मलमं बहुतेक वेळा याहून जास्त काही देत नाहीत.

उवांसाठीही विषारी औषध दर वेळी लागत नाही, अनेक ठिकाणी उवा त्या औषधांना दादही देत नाहीत. केस ओले करून भरपूर कंडिशनर लावा आणि बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरा. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. लिखांतून उवा बाहेर यायला आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून मध्येच थांबलं की सगळं पहिल्यापासून. रॉकेल मात्र केसांजवळही नेऊ नका.

तापाबद्दल: ताप म्हणजे शरीराची लढाई चालू असल्याची खूण. मूल खेळतंय, पाणी पितंय तर आकडा उतरवण्याची घाई नको. अस्वस्थ असेल तर पॅरासिटामॉल, वजनानुसार एका वेळी किलोला 15 मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त नाही. सिरपाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, म्हणून लेबल वाचा आणि घरातल्या चमच्याऐवजी मापाच्या सिरिंजने द्या. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घेतलंत तर त्याच घटकाचं स्वस्त जेनेरिक मागता येतं. मुलांना अ‍ॅस्पिरिन नको, आणि गार पाण्याने किंवा स्पिरिटने अंग पुसणंही नको. तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर कसलाही घरगुती उपाय न करता थेट डॉक्टर.

पैसे खर्च करायचेच तर एक डिजिटल थर्मामीटर घ्या. सेकंदकाटा असलेलं घड्याळ घरात असेलच. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांखाली 60, एक वर्षापर्यंत 50, एक ते पाच वर्षांत 40 किंवा त्याहून जास्त असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर न्यूमोनियाची शक्यता असते. ज्या आई-वडिलांना हे मोजता येतं ते प्रत्येक खोकल्याला धावत नाहीत, आणि ज्या वेळी धावायला हवं ती वेळ चुकवतही नाहीत. माझ्या मते कोणत्याही काढ्यापेक्षा हे कौशल्य मोठं आहे. लसीकरणही याच हिशोबात धरा. गोवर, रोटाव्हायरस (जुलाबाचा विषाणू), न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा जंतू) यांच्या लसींनी टळणारं एक आजारपण अनेक महिन्यांची काटकसर राखतं. ‘नैसर्गिक’ राहायचं म्हणून लस टाळणं मला मुळीच मान्य नाही.

साबणाने हात धुतल्याने जुलाबांचं प्रमाण जवळपास 30 टक्क्यांनी घटतं, असं एकत्रित अभ्यासांत दिसतं. साधाच साबण पुरतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 साली ट्रायक्लोसानसह 19 जंतुमारक रसायनांपैकी एखादं असलेले ‘जंतुनाशक’ साबण घरगुती वापरासाठी बंद केले, कारण ते साध्या साबणापेक्षा सरस असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नाही. साफसफाईच्या बाटल्यांचंही तसंच. किटलीत साचलेल्या क्षारांना व्हिनेगर, करपलेल्या भांड्याला खाण्याचा सोडा. दोन्ही एकत्र केले की फेस छान येतो, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. म्हणून एका वेळी एकच वापरा. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये मात्र व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं काहीही कधीच मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

राहिला तेलांचा संच. माझं उत्तर सरळ नाही असं आहे. निलगिरी तेलाचे काही मिलिलिटर पोटात गेले तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, कापराचंही तेच. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाखाली किंवा छातीवर यांतलं काही चोळू नये. घरात आधीच असेल तर कुलपात ठेवा. त्या पैशांत थर्मामीटर, ओआरएसच्या पुड्या, पॅरासिटामॉल, मापाची सिरिंज, पट्ट्या आणि पेट्रोलियम जेली एवढं सगळं बसावं. हे सगळं एका डब्यात ठेवा आणि त्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवा: दोन्ही मुलांची वजनं, त्यानुसार पॅरासिटामॉलचा डोस आणि डॉक्टरांचा नंबर. वजनं दर काही महिन्यांनी नव्याने लिहीत जा.