तारण ठेवतात की तारण होते?

विट्यात छपाईचे दुकान असलेल्या एका वाचकांनी विचारले आहे. एका ख्रिस्ती कुटुंबाने आजोबांच्या स्मरणार्थ छापायला दिलेल्या मजकुरात 'विश्वासाने तारण पावलेले आमचे आजोबा' असे शब्द होते. तारण म्हणजे गहाण, तेव्हा लिहिणाऱ्याची चूक झाली असावी, असे समजून यांनी आपणहून 'श्रद्धेने मोक्ष पावलेले' असे केले आणि प्रूफ पाठवले. घरच्यांनी दोन्ही शब्द खोडले आणि पहिलेच लावायला सांगितले. रागावले नाहीत, पण ऐकलेही नाही. प्रश्न असा की अर्थ तोच असताना बिघडले कुठे? आणि पतसंस्थेच्या पाटीवरचे 'सोनेतारण' आणि हे तारण, दोन्ही एकच की काय?

शब्द एकच आहे. अर्थ मात्र तोच राहिला नव्हता. घरच्यांचे बरोबर होते.

सांगलीतल्या एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर माझी बावीस वर्षे गेली. सोनेतारण, शेतमाल तारण, विनातारण, नजरगहाण हे शब्द दिवसातून शंभरदा तोंडात. तरी 'तारण' या शब्दाकडे मी पहिल्यांदा नीट पाहिले ते एका मावशींमुळे. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी परिचारिका म्हणून नोकरी केलेली. नातीच्या फीसाठी दोन पाटल्या घेऊन आल्या होत्या. सराफाने पाटली कसोटीवर घासली, वजन केले, पिशवीला लाख लावून सील केले, आणि मी फॉर्म पुढे सरकवला. 'तारण दिलेल्या वस्तूचे वर्णन' या ओळीवर त्यांचे बोट थांबले. म्हणाल्या, "इथं पण तारणच की रे! पण इथं मी द्यायचं. तिथं मला मिळालंय." आणि सही केली. त्या सहज बोलल्या होत्या. मी मात्र ते वाक्य घेऊन घरी आलो.

आधी पाण्याकडे जाऊ, कारण हा शब्द पाण्यातला आहे. 'तॄ' हा संस्कृत धातू, अर्थ पार जाणे, ओलांडणे. त्यावरून मराठीत 'तरणे' आणि 'तारणे' अशी जोडी झाली. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे यांच्यासारखीच. तरतो तो स्वतःच्या बळावर. तारतो तो दुसऱ्याला. कृष्णेकाठी पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या कुणालाही हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ज्याला पोहता येते तो तरतो, ज्याच्या नाकातोंडात पाणी गेले आहे त्याला कुणीतरी तारावे लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळचे पाणी ४५ फुटांची धोका पातळी कधीच मागे टाकून गेले होते. तेव्हा गावभागात माडीवर अडकलेली माणसे नावेत बसताना काय करत होती? हात पुढे करत होती, एवढेच. नाव दुसऱ्याची, वल्हे दुसऱ्याच्या हातात. 'देव तारी त्याला कोण मारी' या म्हणीतला 'तारी' तो हाच.

मग पतसंस्थेतले तारण कुठून आले? मराठीत पैसे बुडतात. कर्ज बुडते, उधारी बुडते, व्याज बुडते, बँकसुद्धा बुडते. बुडणाऱ्या पैशाला वर धरून ठेवणारी वस्तू ती तारण. मला यात ओढाताण दिसत नाही, उलट भाषेने एकच चित्र शेवटपर्यंत नेलेले दिसते. पाटली तारते ती कर्ज देणाऱ्याच्या पैशाला. कर्जदाराला नव्हे. मावशींच्या बोलण्यातला उलटा प्रवास इथे सुरू होतो.

क्रियापदे पाहा. आमच्याकडे तारण 'ठेवतात', 'देतात', 'सोडवतात'. ख्रिस्ती मराठीत तारण 'होते', 'मिळते', माणूस तारण 'पावतो'. तिथे कुणी तारण ठेवत नाही. ठेवतात तो विश्वास. म्हणजे पतसंस्थेत माणूस तारण ठेवतो आणि मग आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवतो. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, माणूस विश्वास ठेवतो आणि त्याचे तारण होते. 'ठेवणे' या क्रियापदाने जागा बदलली की सगळा व्यवहार फिरतो. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातले वचन ख्रिस्ती घरांतून पाठ असते: 'कारण कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे आणि हे तुमच्या हातून झाले असे नाही, तर हे देवाचे दान आहे.' आमच्या टेबलाच्या भाषेत सांगायचे तर माणसाने गहाण टाकावे असे त्याच्याकडे काहीच नाही, हे मान्य करून सुरू होणारा हा व्यवहार आहे. पुण्यकर्मांची पाटली कसोटीवर घासून घ्यायला तिथे सराफ बसलेला नाही.

व्यवहाराचे शब्द मी ओढून आणत नाही, मराठी बायबलच त्यांनी भरलेले आहे. त्याचे दोन भागच मुळी 'जुना करार' आणि 'नवा करार'. येशूला इब्री लोकांस पत्रात अधिक चांगल्या कराराचा 'जामीन' म्हटले आहे. मार्काच्या शुभवर्तमानात तो पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला प्राण 'खंडणी' म्हणून अर्पण करायला आला आहे. आज खंडणी म्हटले की वर्तमानपत्रातली गुन्हेगारीची बातमी आठवते, पण इथे अर्थ कैद्याच्या सुटकेसाठी भरलेली रक्कम. प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची ऋणे आम्हांस सोड' अशी ओळ आहे. आणि मला सगळ्यांत आवडतो तो 'विसार'. जमिनीचा सौदा ठरला की आपण विसार देतो, विसारपावती करतो. उरलेले पैसे येणार याची ती खूण. इफिसच्याच पत्रात पवित्र आत्म्याला 'आपल्या वतनाचा विसार' म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द 'अर्राबोन', तो सेमिटिक भाषांतून ग्रीकमध्ये आलेला. त्याचेच हिब्रू रूप जुन्या करारातल्या उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात येते, तिथे यहूदा कबूल केलेले करडू पाठवीपर्यंत आपली मुद्रा, गोफ आणि काठी गहाण ठेवतो. म्हणजे गहाणाचाच शब्द पुढे देवाच्या वचनाला लागला, आणि या खेपेला विसार देणारा देव आहे, घेणारा माणूस. 'वतन' हा शब्द तर सातारा-सांगलीच्या माणसाला फोडून सांगायला नको. पाटीलकी, कुलकर्ण यांची वतने कायद्याने गेली, पण वतन म्हणजे कमावलेले नव्हे, वारशाने आलेले, हे अजून रक्तात आहे. ज्या भाषांतरकारांनी हे शब्द निवडले त्यांचे कान मराठी मुलखाच्या मातीला लागलेले होते.

आता मोक्ष का चालला नाही. 'मुच्' म्हणजे सुटणे. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती श्रद्धेत पुनर्जन्माचा फेरा नाही, तेव्हा त्यातून सुटण्याचाही प्रश्न येत नाही. तिथे माणूस अडकला आहे तो पापात, देवापासून तुटलेपणात. आणि त्याला हवा आहे तो हात धरून वर काढणारा. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात नावाचा अर्थ दिला आहे: 'तू त्याचे नाव येशू असे ठेव, कारण तोच आपल्या प्रजेला त्यांच्या पापांपासून तारील.' येशू या नावाच्या हिब्रू मुळातच तारण्याचा अर्थ आहे. 'मुक्ती' हा शब्द मराठी बायबलमध्ये येतो, पण तो खंडणीच्या जोडीने, सोडवून घेण्याच्या अर्थाने. 'उद्धार' जवळचा आहे, पण बोलण्यात एखाद्याचा उद्धार केला म्हणजे काय केले ते आपण जाणतो.

आणि तारणातले पाणी नव्या करारातही आहे. येशूचा शिष्य पेत्र सरोवरावर चालत त्याच्याकडे निघतो, वारा पाहून भितो, बुडू लागतो आणि ओरडतो, 'प्रभूजी, मला वाचवा.' तिथले ग्रीक क्रियापद 'सोझो'. पापांपासून तारणारे क्रियापदही तेच, आणि रक्तस्रावाने बारा वर्षे पिडलेल्या बाईला 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे' असे येशू म्हणतो तिथलेही तेच. ग्रीकला एक क्रियापद पुरते, मराठीला वाचवणे, बरे करणे, तारणे अशी तीन लागतात. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिशनचे रुग्णालय उभे केले. त्या मंडळींना बरे करणे आणि तारणे हे शेजारी-शेजारीच वाटत असणार, हे त्या क्रियापदावरून मला उमगते. सांगली-मिरज रस्त्यावरून वान्लेसवाडी ओलांडताना आता ते हटकून आठवते.

राहिला विश्वास आणि श्रद्धा यांचा भेद. छपाईवाल्यांना हे दोन शब्द सारखे वाटले, यात त्यांची चूक मी म्हणणार नाही. मलाही वर्षानुवर्षे वाटत होते. श्रद्धा म्हणजे 'श्रत्' अधिक 'धा', हृदय ठेवणे. सुंदर शब्द आहे. पण त्यावरून 'श्रद्धाळू' करून पाहा. श्रद्धाळू माणूस तो, ज्याची दुसऱ्या कशावर तरी श्रद्धा आहे. आता 'विश्वासू' पाहा. विश्वासू तो, ज्याच्यावर दुसऱ्याने विश्वास ठेवावा. विश्वास हा दोन टोकांचा शब्द आहे: ठेवणारा एका टोकाला, त्याला जागणारा दुसऱ्या. ग्रीकमधले 'पिस्तिस' आणि 'पिस्तोस' हे शब्द अगदी असेच दोन्ही बाजूंना चालतात. करिंथकरांस पहिल्या पत्रात 'देव विश्वासू आहे' असे वाक्य आहे. तिथे 'देव श्रद्धाळू आहे' असे लिहून पाहा, वाक्य कोसळते. ख्रिस्ती विश्वासाचे निम्मे वजन माणसाच्या मनात नाहीच, ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्या खरेपणात आहे.

हिब्रूतला 'एमुना' तर याहून घट्ट. त्याचा अर्थ टिकून राहणे, न डळमळणे. निर्गमच्या १७व्या अध्यायात अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात थकतात, अहरोन आणि हूर दोन बाजूंनी ते धरून ठेवतात आणि सूर्यास्तापर्यंत हात स्थिर राहतात; त्या 'स्थिर'साठी मुळात 'एमुना' आहे. प्रार्थनेच्या शेवटचे 'आमेन' याच धातूचे. आणि आपला 'विश्वास'? तो 'श्वस्' पासून, श्वासाचा सख्खा. वि-श्वस् म्हणजे भीती जाऊन मोकळा श्वास घेणे. नावेत पाय पडल्यावर माणसाच्या छातीतून जो श्वास सुटतो तो. दोन भाषांनी दोन वेगळी चित्रे घेतली, एकीने धरलेला हात आणि दुसरीने सुटलेला श्वास, तरी दोन्ही एकाच नावेत बसतात याचा मला आजही आनंद होतो.

विश्वास म्हणजे नुसते 'मानणे' नव्हे, याचा पुरावा याकोबाच्या पत्रात आहे. देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे तो म्हणतो. पुढे आणखी सरळ: 'जसे शरीर आत्म्यावाचून निर्जीव आहे तसा विश्वासही क्रियांवाचून निर्जीव आहे.' इफिसचे पत्र ज्याच्या नावावर आहे तो पौल म्हणतो तारण कर्मांनी होत नाही, याकोब म्हणतो क्रियांवाचून विश्वास मेलेला. यावर पाश्चात्त्य मंडळ्या शतकानुशतके भांडल्या. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लुथरन मंडळींनी या विषयावरच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मला स्वतःला पाटल्यांचा व्यवहार इथे उपयोगी पडतो. क्रिया हे तारण मिळवण्यासाठी ठेवलेले गहाण नव्हे. तारण झालेल्या माणसाच्या हातून त्या आपसूक होत जातात. मावशी निवृत्तीनंतरही वॉर्डात जाऊन बसत, ते कशाची परतफेड म्हणून नव्हे.

एक आठवण ओघात सांगतो. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. वारकरी घरात वाढलेल्या मला 'तारण' परका का वाटला नाही, ते त्या एका वाक्यात आहे. पूल काय, नाव काय, पाणी तेच ओलांडायचे.

तेव्हा विट्याच्या मित्रांनो, ख्रिस्ती घरातून मजकूर आला की 'तारण', 'विश्वास', 'विश्वासी', 'प्रभूमध्ये झोपी गेले', 'साक्ष' हे शब्द जसेच्या तसे जुळवा. ते अशुद्ध मराठी नाही, दोनशे वर्षे वापरलेली मराठी आहे. पत्रिकेत जागा असेल आणि घरच्यांची हरकत नसेल, तर इफिसचे वचन पूर्ण घ्या. त्यात 'कृपेनेच' आणि 'विश्वासाच्या द्वारे' अशा दोन वेगळ्या विभक्ती मुद्दाम आहेत: तारणारी कृपा, विश्वास ही ती घेण्याची ओंजळ. 'विश्वासाच्या द्वारे' लांब वाटते म्हणून 'विश्वासाने' करू नका. आणि ओळ मावत नसेल तर टाइप एक पॉइंटने लहान करा, पण 'तारण झालेले आहे' मधले 'आहे' काढू नका. मूळ ग्रीक क्रियापद पूर्ण झालेले आणि अजून टिकून असलेले दाखवते. ज्यांच्या आजोबांसाठी ते छापले जाणार आहे, त्यांना त्या 'आहे'ची सर्वांत जास्त गरज आहे.