तमिळ कथांतली आई कोणाच्या देखत बोलते?

प्रिय विद्यार्थिमित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मसुदा लक्षपूर्वक वाचला. तमिळ कथांतल्या आईला तू पहिल्या पानापासून ‘वात्सल्यमूर्ती’ ठरवून टाकले आहेस. ‘श्यामची आई’ वाचत वाढलेल्या आपल्या मनाला ते सहज सुचते; परंतु तमिळ कथांत मायलेकांच्या मध्ये बहुधा चारचौघे उभे असतात, हे तुझ्या नजरेतून निसटले आहे.

‘पुरनानूरु’ या संगमकालीन, म्हणजे प्राचीन तमिळ कवितांच्या संग्रहातली 278वी कविता घे. शिरा वर आलेल्या, दंड सुकलेल्या एका म्हातारीला लोक सांगतात की तुझा मुलगा रणातून पाठ दाखवून पळाला. हे खरे असेल तर त्याला पाजलेला स्तन कापून टाकीन, असे म्हणत ती तलवार घेऊन रणभूमीवर जाते, प्रेते उलथीपालथी करत हिंडते, आणि तुकडे होऊन पडलेला मुलगा सापडतो तेव्हा तिला त्याच्या जन्माच्या दिवसाहूनही अधिक आनंद होतो. ‘तिरुक्कुरळ’ या जुन्या तमिळ नीतिग्रंथातल्या 69व्या कुरळात, म्हणजे दोन ओळींच्या पद्यात, हाच आनंद जवळपास त्याच शब्दांत येतो, मात्र तिथे मुलगा थोर आहे असे लोकांकडून ऐकणारी आई आहे. तलवार गेली, लोकांचे बोलणे तेवढे राहिले.

याला सरसकट वीरमातेचा गौरव मात्र समजू नकोस. पुढचीच, 279वी कविता ओक्कूर मासात्तियार या कवयित्रीची आहे. माहेरचा माणूस आधीच्या लढाईत पडला, नवरा काल पडला. तरी आज रणभेरी ऐकताच ही बाई एकुलत्या एका मुलाच्या कोरड्या शेंडीला तेल लावते, त्याला पांढरे वस्त्र नेसवते, हाती भाला देते आणि ‘जा’ म्हणते. कवयित्री तिची थोरवी मान्य करते, पण सुरुवात करते ती ‘जळो हिचे मन!’ या उद्गाराने. माझ्या मते तुझ्या लेखाचा गाभा या उद्गारात आहे, आणि नेमकी हीच कविता तू एका ओळीत उरकली आहेस.

कर्णाकडेही याच अंगाने पाहा. विल्लिपुत्तूरार या कवीच्या तमिळ महाभारतात तो कुंतीकडे मागतो ते राज्य नव्हे. आपण रणात पडलो की तिने येऊन आपल्याला मांडीवर घ्यावे आणि हा माझा मुलगा, हे जगाला कळू द्यावे, एवढेच त्याचे मागणे असते. ‘कर्णन’ (1964) या चित्रपटाने हा प्रसंग घरोघरी पोहोचवला. ‘दळपती’ (1991) या चित्रपटात हीच कथा आजच्या काळात येते, आणि टाकलेल्या मुलाची आई तिथे कलेक्टरची आई म्हणून वावरते.

पुन्हा लिहिताना आई प्रत्येक प्रसंगी कोणाच्या देखत बोलते किंवा गप्प राहते, ते आधी टिपून घे. सिनेमाचा भाग निम्म्यावर आण, कर्णाचा वाढव. दिवाळीआधी पाठवलास तर सावकाश वाचता येईल.

तुझा,
शुभचिंतक