रेणू उभे की आडवे? वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी सेंद्रिय सेमीकंडक्टरच्या (कार्बनी रेणूंच्या अर्धवाहकाच्या) पातळ फिल्मबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले चार प्रश्न.

पेंटासीन तेच, जाडी तीच. फिल्मवर सोन्याचे इलेक्ट्रोड चढवले तर ट्रान्झिस्टर छान चालतो. आधी सोनं, मग फिल्म केली की मोबिलिटी (चार्ज किती सहज सरकतो, त्याचं माप) कोसळते. फिल्म बिघडते का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, पाषाण)

चॅनेलमधली, म्हणजे दोन इलेक्ट्रोडच्या मधली, बहुतेक ठीकच असेल. सोन्याची कड बघा. पेंटासीनचा रेणू म्हणजे पाच बेंझीन कड्यांची चपटी पट्टी. सिलिकॉनच्या ऑक्साइडवर ती जवळपास उभी राहते, एका थराची उंची सुमारे 1.5 नॅनोमीटर. शेजारशेजारच्या रेणूंची इलेक्ट्रॉन-ढगं मग आडव्या दिशेत एकमेकांना भिडतात, आणि ट्रान्झिस्टरमध्ये चार्जला आडवंच जायचं असतं, तेही ऑक्साइडलगतच्या पहिल्या काही थरांतून. स्वच्छ सोन्याची ओढ मात्र जास्त. तिथे रेणू आडवा पडतो, कडेला बारीक, विस्कटलेले ग्रेन (स्फटिकाचे कण) साठतात. पुढे एक्स्प्रेसवे मोकळा आहे, पण तुम्ही चांदणी चौकातच अडकलात, असा प्रकार! सोन्यावर आधी थायॉलचा (सोन्याला चिकटणाऱ्या गंधकयुक्त रेणूंचा) एकपदरी थर बसवा. ही ओढ कमी होते आणि कडेलाही ग्रेन नीट वाढतात.

सोलर सेलवाले नेमके आडवे रेणू मागतात. मग बरोबर कोण? (अभियंता, कोथरूड)

दोघेही. पत्रावळींचा गठ्ठा डोळ्यांपुढे आणा. चार्ज पानावरून पानावर सहज उडी मारतो. गठ्ठा जमिनीवर सरळ ठेवला तर वाट खालून वर. कुशीवर टाकला तर डावीकडून उजवीकडे. सोलर सेलमध्ये इलेक्ट्रोड वर आणि खाली असतात, म्हणून पानं आडवी हवीत.

पी3एचटी या पॉलिमरमध्ये पानापानांतलं अंतर 3.8 अँगस्ट्रॉमच्या (नॅनोमीटरच्या दहाव्या भागाला अँगस्ट्रॉम म्हणतात) आसपास. दुसऱ्या एका दिशेत मात्र मध्ये तेलकट बाजूसाखळ्या येतात, अंतर 16 अँगस्ट्रॉमच्या घरात जातं आणि चार्जची वाट जवळपास बंद होते. केंब्रिजच्या सिरिंगहाउस यांच्या गटाने 1999 मध्ये दाखवलं, की ट्रान्झिस्टरमध्ये पानं उभी आणि पानं आडवी या दोन मांडण्यांच्या मोबिलिटीत 100 पटींहून जास्त फरक पडतो. तेव्हा ‘चांगली दिशा कोणती’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. चार्ज कुठून कुठे न्यायचाय, ते आधी सांगा.

एक्स-रेच्या आलेखात टोकदार शिखर (पीक) येतं, म्हणजे मांडणी नीट आहे, तरी मोबिलिटी कमी. का? (पीएच.डी. विद्यार्थी)

नेहमीच्या मापनात फक्त पृष्ठभागाला समांतर थर दिसतात. रेणू उभे आहेत एवढं कळलं. त्यांची तोंडं कुठे आहेत, ते नाही. रुब्रीन या आणखी एका सेंद्रिय सेमीकंडक्टरच्या एकाच स्फटिकावर, एकाच पृष्ठभागावर, 2004 मध्ये एका अक्षाच्या दिशेने सुमारे 15 आणि त्याला काटकोनात 4 च्या आसपास मोबिलिटी मोजली गेली (एकक: चौरस सेंमी प्रति व्होल्ट-सेकंद). सोपी तपासणी: दोन पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारे फिल्टर) एकमेकांना काटकोनात लावून सूक्ष्मदर्शकाखाली फिल्म हळूहळू फिरवा. एक ठिगळ काळं पडतं, शेजारचं उजळतं, कारण दोन्हींतल्या रेणूंची तोंडं वेगळीकडे. तुमच्या चॅनेलमध्ये अशी किती ठिगळं बसतात, ते मोजा. प्रत्येक सीमेवर चार्जला टोल द्यावा लागतो.

पावसाळ्यात आमची डिव्हायसेस बिघडतात. रेणू कलंडतात का? (प्रयोगशाळा सहायक)

नाही हो. ग्रेनच्या सीमांवर आणि ऑक्साइडवर पाणी बसतं, चार्ज तिथे अडकतो. रात्रभर व्हॅक्युममध्ये ठेवून, बाहेर न काढता पुन्हा मोजा. आकडे परत आले तर दोष पाण्याचा.