नवरा कायमचा घरी आला आणि घर अपुरं वाटू लागलं

गोव्यातल्या फोंड्याहून एका भगिनीचं पत्र आलंय. वय 31, पतसंस्थेत नोकरी, मुलगी साडेचार वर्षांची. नवरा क्रूझ बोटीवर कुक; लग्नापासून आठ-नऊ महिने दर्यावर आणि दोन-अडीच महिने घरी. या डिसेंबरात साइन ऑफ करून, म्हणजे बोटीवरची ड्युटी संपवून, आला तो ‘आता पुरे, नव्या वर्षापासून इथंच’ असं ठरवून. साठवलेला पैसा घालून, कमी पडला तर फ्लॅटवर कर्ज काढून, त्याला जानेवारीतच फिश थाळीची खाणावळ सुरू करायची आहे.

ती लिहिते : ‘इतकी वर्षं याच दिवसाची वाट पाहिली, आणि आता तो दिवसभर घरात असला की मला गुदमरतं. त्याने मसाल्याचे डबे हलवले, वर लेबलं चिकटवली. तिरफळाचा डबा माझा हात पोचत नाही त्या फळीवर गेला, तर मी चक्क रडले. काल मुलीनं त्याच्यासमोरच विचारलं, पप्पा परत कधी जाणार? तो गप्प उठून गॅलरीत गेला. मी वाईट बायको आहे का?’

नाही गो बाये. तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, कितीतरी घरांत हे होतं, फक्त कुणी बोलत नाही; कारण शेजारीण म्हणते, नशीबवान तू, घोव घरी आला! इतकी वर्षं पोर तापली, सिलिंडर संपला, सासूबाईंचं बीपी चढलं, सगळं तू एकटीनं निभावलंस. घराची घडी तुझ्या हातची आहे. तो येत होता पाहुण्यासारखा, चॉकलेटं आणि परफ्यूम घेऊन. आता राहायला आलाय, आणि त्याची जागा कुठली हे दोघांनाही कळेना. बोटीवर डब्याला लेबल असतं तशी माणसाला ड्युटी असते. इथं त्याला ड्युटीच नाही, म्हणून बिचारा डबे लावत बसतो.

तेव्हा त्याला ‘जरा मदत कर’ म्हणू नकोस. एक काम पुरतं सोपव. मुलीची सकाळ त्याची : उठवणं, आंघोळ, डबा, बालवाडीत सोडणं. त्या वेळात तू घरात थांबू नकोस, देवळात जा, बाजारात जा, पण दारात उभी राहून सूचना देऊ नकोस. वेणी वाकडी घालेल, घालू दे. पहिले काही दिवस पोर तुझ्या नावानं भोकाड पसरेल, तेही सोस. तिरफळाचा डबा मात्र आजच खाली घे. रडण्यापेक्षा सांगणं सोपं.

मुलीच्या प्रश्नावर तिला रागावू नका. ती त्याला हाकलत नाही. तिनं पाहिलेले पप्पा जातातच. ‘पप्पांना पापी दे’ असा आग्रहही नको. ‘आता कधीच जाणार नाही’ असं तिला आत्ताच सांगू नका, कारण ते तुम्हालाही ठाऊक नाही. ‘तुझ्या वाढदिवसाला मी इथंच असेन’ एवढं त्यानं सांगावं आणि पाळावं. 31 तारखेसाठी वाड्यावरची पोरं गवत भरून ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, करतील, त्याला बोटीवरचे जुने कपडे द्या आणि बापलेकींना त्या कामाला लावा.

आता खाणावळ. इथं मी त्याच्या बाजूची नाही. जानेवारीत उघडलेल्या खाणावळीला मे महिन्यापर्यंत सगळं छान वाटतं. खरी परीक्षा 1 जूनपासून. 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, मासळी मिळेल ती महाग. त्याच्या मागोमाग श्रावण, म्हणजे आपल्यातली अर्धी गिऱ्हाईकं गणेशचवथीपर्यंत शिवराक, मासळीला शिवणार नाहीत. ते महिने काढायला भाड्याचा आणि पगारांचा पैसा वेगळा हवा. शिवाय बोटीवर सामान स्टोअरमधून येतं. इथं पहाटे मासळी बाजारात भाव स्वतः करावा लागतो. दिवाळीच्या पाडव्याचा मुहूर्त धरा. तोवर त्यानं दुसऱ्याच्या खाणावळीत पगारावर राबावं. कमीपणा वाटला तर तो आत्ताच वाटू दे, कर्ज काढल्यावर नको.

कागदांचंही पाहा. त्याची सीडीसी (खलाशाची नोंदवही) आणि एसटीसीडब्ल्यूचे (बोटीवरच्या प्रशिक्षणाचे) दाखले लॅप्स होऊ देऊ नका. मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणाचं रिफ्रेशर पाच वर्षांनी करावं लागतं. तेवढा खर्च करून बोटीवर परतायची वाट उघडी ठेवा, ती काही माघार नव्हे. तो कायमचा परतला असेल तर त्याचं एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं निवासी करावं लागेल आणि व्याजावर कर लागू होईल. बँकेत स्वतः जाऊन विचारा.

राहिलं फ्लॅटवरचं कर्ज. तुमचं लग्न गोव्यात नोंदवलेलं असेल आणि त्याआधी वेगळा करार केला नसेल, तर आपल्या नागरी कायद्यानं मालमत्ता दोघांची सामायिक. फ्लॅट गहाण टाकायला तुझी सही लागेल. ती सही रुसून अडवू नकोस आणि लाजून देऊनही टाकू नकोस. घरखर्चाचे एक वर्षाचे पैसे तुझ्या खात्यात बाजूला पडल्याशिवाय सही करणार नाही, हे त्याला याच आठवड्यात, पोर झोपल्यावर सांग.