मुलाने पिस्तूल छापलं, आता डीआरडीओच्या लाइनला लावू का?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग. मुलगा १७ वर्षांचा, सांगलीत बारावी सायन्सला. दहावीला ७८ टक्के होते, अकरावीला ५४ वर आला. क्लासवाले म्हणतात, जेईईचं डोक्यातून काढा. पण पोराच्या हातात कला आहे. मागच्या दिवाळीला हप्त्यावर थ्रीडी प्रिंटर घेऊन दिला. आधी की-चेन, मोबाइलचा स्टँड, आजीच्या चमच्याला मूठ असलं काहीबाही करत बसायचा. मीच म्हटलं, काहीतरी दमदार कर. मग त्याने नेटवरून फाइल उतरवून पिस्तूल छापलं. हुबेहूब, घोडा ओढला की खटका पडतो. नळी मी लेथवर स्टीलची करून देतो म्हणतोय, पण आता तो टाळाटाळ करतो. गणपतीत मंडळाच्या प्रदर्शनात एक बार काढून दाखवायचा माझा विचार आहे. संरक्षण खात्याच्या डीआरडीओ या संशोधन संस्थेनेही छापलेलं पिस्तूल काढलंय असं वाचलं. जेईई सोडून त्याला त्या लाइनला लावावं का? पेटंट मिळेल का? आम्ही विकत नाही आणि वस्तू प्लॅस्टिकची आहे, म्हणजे लायसन्सचा प्रश्न येत नाही ना?
— एक वडील, कुपवाड

उत्तर :

भाऊ, करिअरचं नंतर बोलू. नळीचं काम लेथवर घेतलं असेल तर ते आहे तिथे थांबवा. त्या पिस्तुलात काडतूस तर नाहीच, टिकलीसुद्धा घालू नका. मंडळाच्या पोरांना व्हिडिओ पाठवला असेल तर पुढे पाठवणं बंद करा. आणि आज संध्याकाळीच एखाद्या फौजदारी वकिलाला गाठून सगळं खरं खरं सांगा. ती वस्तू कुणाकडे द्यायची, कशी द्यायची, हे तेच सांगतील. रात्री गुपचूप आयर्विन पुलावरून कृष्णेत टाकून याल, तर साध्या गोष्टीची अवघड गोष्ट कराल.

आता तुमच्या पत्राकडे येते. मी ते तीनदा वाचलं आणि दर वेळी दोनच वाक्यांशी थांबले. एक, ‘मीच म्हटलं, काहीतरी दमदार कर’. दुसरं, ‘पण आता तो टाळाटाळ करतो’. ५४ टक्क्यांनी मला मुळीच धास्ती वाटली नाही. अकरावीला घसरलेली बरीच पोरं बारावीला सावरतात, उरलेली दुसरी वाट धरतात आणि त्यांचंही बरं चालतं. धास्ती वाटली ती या दोन वाक्यांची.

१७ वर्षांच्या मुलाला नळीचा विषय निघाला की पोटात गोळा येतोय. त्याला कायद्याची कलमं ठाऊक नसतील, पण हे खेळण्याच्या पलीकडे चाललंय एवढं त्याला कळलंय. ‘पप्पा, नको’ हे त्याच्या तोंडातून निघत नाहीये, कारण निकालानंतर पहिल्यांदाच तुम्ही त्याच्याकडे कौतुकाने बघताय. अकरावीचा निकाल लागल्यापासून घरात त्याच्याशी किती बोलणं झालं असेल, याचा अंदाज मला येतो. पाहुणे आले की ‘काय करतो आमचा हिरो’ म्हणून ते पिस्तूल कपाटातून निघत असणार. पोरगं ते हातात धरून उभं राहत असणार. भावाचा मुलगा कोटाला, बहिणीची मुलगी मेडिकलला, आणि आपल्याकडे दाखवायला काय, ही तुमच्या मनातली टोचणी मी समजू शकते. पण ती टोचणी तुमची आहे. तिचं औषध म्हणून पोराच्या हातात बंदूक देऊ नका. तो टाळतोय म्हणजे शहाणा आहे. आज जेवताना त्याला एवढंच सांगा, ‘तू थांबलास ते बरं केलंस, मी चुकलो.’

आता तुमचा मोठा गैरसमज. विकत नाही आणि प्लॅस्टिकचं आहे म्हणून लायसन्स लागत नाही, हे साफ चूक आहे. आपला हत्यार कायदा १९५९ चा. त्यात बंदूक कशाची बनली याला काडीचंही महत्त्व नाही. स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या ऊर्जेच्या जोरावर गोळी फेकण्यासाठी बनवलेली वस्तू म्हणजे बंदूक, मग ती पोलादाची असो की प्लॅस्टिकची. हत्याराच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही येतात, म्हणजे प्रिंटरबरोबर तुमचा लेथही पंचनाम्यात जाऊ शकतो. बनवायलाच परवाना लागतो, विकण्याचा संबंध नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. नुसतं बाळगण्याला २ ते ५ वर्षं. खेळणी कायद्याने वगळली आहेत, हे खरं; पण कुठली? ज्यांचं खरं हत्यार करताच येणार नाही अशी. आणि तुम्ही तर पत्रात त्याचं खरं हत्यार कसं करणार तेच लिहिलंय. छापलेली वस्तू बंदूक ठरते की नाही हे न्यायवैद्यक प्रयोगशाळा तपासेल, कोर्ट ठरवेल. तो निकाल येईपर्यंत तुम्ही कुठे असाल, पोरगं कुठे असेल, त्याची परीक्षा कुठे असेल?

‘तो अजून सज्ञान नाही’ या भरवशावरही राहू नका. किमान ७ वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप १६ ते १८ वयाच्या मुलावर आला, तर बाल न्याय मंडळ त्याची समज तपासतं आणि मोठ्या माणसासारखा खटला चालवायला त्याला पाठवू शकतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ही तरतूद आहे. तुम्ही तर सज्ञान आहात. प्रिंटर तुमच्या पैशाचा, लेथ तुमचा, सांगणारे तुम्ही. पोलीस पहिलं नाव कुणाचं लिहितील?

तुमचा हात लेथवर बसलेला आहे, म्हणून पुढचं तुमच्याच भाषेत सांगते. आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, निघालं की ओतीव कास्टिंग तुम्ही फाउंड्रीला परत पाठवता. मग जे कास्टिंग आतून दिसतच नाही, ते पोराच्या मुठीत कसं देता? छापलेली वस्तू एकसंध नसते. तापलेल्या प्लॅस्टिकचा धागा थरावर थर बसवत जातो, आणि दोन थर कुठे नीट चिकटले नाहीत हे वरून समजत नाही. जोर आला की चिरोट्याचे पदर सुटावेत तसे ते सुटतात. आणि जोर किती? गाडीच्या टायरमध्ये आपण ३०-३५ पीएसआय हवा भरतो. ९ एमएमच्या काडतुसाचा दाब ३५ हजार पीएसआयपर्यंत जातो. म्हणजे टायरच्या हजार पट, तोही डोळ्यापासून हातभर अंतरावर. नळी पोलादाची केली म्हणून बाकीचं पिस्तूल पोलादाचं होत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका तरुणाने छापायच्या पिस्तुलाची फाइल इंटरनेटवर टाकली, तेव्हा ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी ती छापून चाचणी घेतली. त्यात एक पिस्तूल फुटून गेलं. ती चाचणी जाणकारांनी घेतली होती. तुम्ही ती गणपतीच्या मांडवात, बायका-पोरांच्या गर्दीत घ्यायला निघालाय.

हे फक्त आपल्याकडेच कडक आहे असंही समजू नका. जपानमध्ये कावासाकीच्या २८ वर्षांच्या तरुणाने पिस्तुलं छापली आणि कौतुकाने व्हिडिओ टाकले. २०१४ मध्ये त्याला २ वर्षांची कैद झाली. लंडनमधल्या एका विद्यार्थ्याने छापलेली बंदूक कॉलेजच्या फिल्म प्रोजेक्टसाठी आहे असं सांगितलं होतं. २०१९ मध्ये ३ वर्षं आत गेला.

लांबचं कशाला? काही वर्षांपूर्वी तासगावकडचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे पाचला ग्राउंडवर, १६०० मीटर असा धावायचा की बघत राहावं. वाढदिवसाला मित्राने त्याच्या हातात गावठी कट्टा दिला, फोटो काढला, कुणीतरी तो स्टेटसला ठेवला. कट्टा त्याचा नव्हता, गोळी झाडलेली नव्हती. गुन्हा दाखल झाला. लेखी निघाली, मैदान निघालं, आणि चारित्र्य पडताळणीला गाडी अडली. त्याची आई माझ्या खोलीत बसून एकच विचारत होती, ‘फोटोच होता ना हो मॅडम?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमचं पत्र वाचताना ती बाई डोळ्यापुढे आली, म्हणून आज इतकं टोचून लिहितेय.

डीआरडीओबद्दल तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. ‘अस्मि’ नावाचं ९ एमएमचं मशीन पिस्तूल २०२१ च्या जानेवारीत जाहीर झालं. पुण्यात पाषाणला असलेल्या डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेने आणि महूच्या लष्करी इन्फंट्री स्कूलने मिळून ते केलं. त्याच्या घोड्याचे भाग छापले ते धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने, सरकारी परवानगीत, चाचणीच्या साखळीतून. घरच्या प्रिंटरशी त्याचं नातं सायकलच्या पंपाचं कॉम्प्रेसरशी असावं तेवढंच. तिथे शास्त्रज्ञ म्हणून जायचं तर इंजिनिअरिंग, मग गेटची परीक्षा, मग मुलाखत, आणि त्यानंतर पोलीस पडताळणी. ‘घरी पिस्तूल छापलं होतं’ ही ओळ तिथे दार उघडणार नाही, बंदच करेल. पेटंटचं तर सोडाच. दुसऱ्याची फाइल उतरवून छापलेल्या वस्तूत आपला शोध कुठला?

पोराला खरंच नेमबाजीची ओढ असेल, तर कोल्हापूर तासाभरावर आहे. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ ला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे तिकडच्याच कांबळवाडीचा. रेंजवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकू द्या. पण मला वाटत नाही त्याला ती ओढ आहे. तुम्हाला आहे.

त्याची ओढ मला दुसरीकडे दिसते. तुम्ही ‘काहीबाही’ म्हणून एका ओळीत उरकलेल्या आजीच्या चमच्याच्या मुठीत. आजींना अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल, किंवा बोटं वाकत नसतील. पोराने बघितलं की चमचा हातातून निसटतो, आमटी साडीवर सांडते, आजी मग जेवायलाच नको म्हणतात. त्याने जाड मूठ काढली, बोटं बसतील अशी खाच ठेवली, बहुतेक दोन-तीनदा छापून फेकूनही दिली असेल. पिस्तुलाची फाइल त्याला तयार मिळाली होती. ही मूठ त्याच्याच डोक्यातून आली. तुमच्या घरात खरं डिझाइन झालं ते हेच, आणि ते तुम्ही कुणालाही दाखवलं नाही.

या कामाचं शिक्षण मिळतं. बॅचलर इन प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, म्हणजे कृत्रिम हातपाय आणि आधाराची साधनं बनवण्याची पदवी. बारावी सायन्सनंतर, गणित घेतलेल्यालाही चालते, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असते, आणि मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारच्या संस्थेत आहे. फौजेचं तुम्हाला एवढं वेड आहे तर हेही ऐका. पुण्यात १९४४ पासून सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, पाय गमावलेला जवान तिथून चालत बाहेर पडतो. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव तुमच्या वर्कशॉपपासून किती लांब आहे? तिथल्या डेंटिस्टला दातांचे साचे लागतात, हाडांच्या डॉक्टरला स्प्लिंट, म्हणजे हातापायाला आधाराच्या पट्ट्या, लागतात. मोजून माप घेणारा आणि सुबक छापणारा पोरगा त्यांना हवाच असतो.

बाकीचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत : सीईटी देऊन मेकॅनिकल, नाहीतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला. यातला कुठलाही घेतला तरी चालेल, आणि जेईई सुटलं म्हणून आभाळ कोसळत नाही.

वकिलाचं काम उरकलं की पुढच्या आठवड्यात दोघं माझ्याकडे या. मी आधी त्याच्याशी एकटीने बोलेन, तुम्ही बाहेर बसा, राग मानू नका. येताना मार्कशीट नको. आजींचा तो चमचा आणा, आणि फेकून दिलेल्या मुठी घरात कुठे पडल्या असतील तर त्याही.